झालरीच्या कव्हरातला कंप्रेसर

नव्या वस्तूवरचं प्लास्टिक न काढणारी माणसं मला आवडत नाहीत. हे मी घरात इतक्या वेळा बोलले आहे की वाक्य माझ्या तोंडून निघायच्या आधीच माझी मुलं ते पुरं करतात. त्यांना वाटतं, आईचा स्वभावच खडूस. असेल. पण बसलं की खालून करकरणारा सोफा, टीव्हीला घातलेलं भरतकामाचं कव्हर, फ्रिजच्या दांड्याला गुंडाळलेला रुमाल आणि मिक्सरच्या डोक्यावरची झालर पाहिली की मला अजून तिथून उठून जावंसं वाटतं. त्याला कारण एक कंप्रेसर आहे. जीपच्या चाकांत हवा भरायचा, एका हाताने उचलून नेता येईल एवढा.

तेव्हा आम्ही हैदराबादला काचीगुड्यात राहत होतो. बाबा सरकारी कचेरीत होते, त्यांचे वडीलही त्याच कचेरीत होते, आणि आमच्या घरात 'साहेबांना विचारून सांगतो' हे वाक्य देवाच्या नावासारखं उच्चारलं जायचं. मी कॉलेजात होते. ताई बी.कॉम. होऊन राणीगंजला पंप आणि अवजारं विकणाऱ्या एका दुकानात नोकरीला लागली होती. मुलगी शिकलेली आणि लोखंडाच्या दुकानात काउंटरवर उभी राहते, म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली. त्यांच्यातल्याच एकेकाने नंतर ओळखीने पंप स्वस्तात पाडून घेतले, ते वेगळं.

ताईला ते काम मनापासून आवडायचं. आधी त्या दुकानात पायाने दाबायचे पंप आणि गॅरेजवाल्यांसाठी टाकीचे अवजड कंप्रेसर एवढंच असे. मग आयात मोकळी झाली आणि बाहेरदेशीच्या मालाचे रंगीत खोके येऊन पडायला लागले. त्याच सुमारास शहरातल्या पैसेवाल्यांना एकाएकी मातीचा पुळका आला. ज्यांच्या वाडवडिलांनी शेतातून पाय काढून हैदराबादेत दुकानं थाटली होती, ते आता जीप घेऊन रविवारी शेतावर जायला लागले. पायात पांढरे बूट, डोळ्यांवर काळा चष्मा. नांगर कुठून धरायचा ते विचारलं तर तोंडाकडे बघत बसले असते.

वाळूत किंवा चिखलात जीप घालायची तर चाकांतली हवा कमी करावी लागते. चाक पसरतं, मग रुतत नाही. पण पुन्हा डांबरी रस्त्याला लागायच्या आधी ती भरावी लागते, नाहीतर मऊ चाक तापून फाटतं. रानात हवा भरणारा कोण भेटणार? म्हणून हा छोटा कंप्रेसर जवळ बाळगायचा. हे सगळं ताईने मला जेवताना शिकवलं. ती म्हणायची, "रंग आणि दिवा बघायचा नाही. नळी चारी चाकांना पोचते का ते बघायचं. वायरीला बॅटरीचे चिमटे आहेत का ते बघायचं, सिगारेट पेटवायच्या भोकात खुपसायची पिन जीपच्या जाड चाकाला पुरत नाही. आणि किती वेळ चालवून किती वेळ थंड होऊ द्यायचा, ते विचारायचं. हे शेवटचं कुणी विचारत नाही बघ."

एकाने विचारलं. तिथेच सगळं सुरू झालं.

त्या दिवशी दुकानात दोघं भाऊ आले होते. थोरला बोलत होता, धाकटा ऐकत होता. थोरल्याने काउंटरवरचे सगळे कंप्रेसर उघडायला लावले, वरच्या फळीवरचा खोका शिडीवर चढून काढायला लावला, परत ठेवायला लावला. ताईने साधा, काळा, चिमट्यांचा कंप्रेसर पुढे केला. त्याने पांढरा-लाल, पुढे दिवा असलेला, पिनेचा निवडला. ताई म्हणाली, "हाही चालेल, पण याला मध्ये मध्ये विश्रांती द्या. अंगावर या पट्ट्या आहेत ना, त्यांना वारा लागला पाहिजे." थोरला तोवर दिवा लावून बघत होता. धाकट्याने विचारलं, "किती वेळ चालवायचा आणि किती वेळ थांबायचं?" ताईने सांगितलं. त्याने ते तिच्यासमोर पुन्हा म्हणून दाखवलं, नीट समजलं का म्हणून.

दोन दिवसांनी घरी निरोप आला की धाकट्यासाठी मुलगी पसंत आहे. ते गिऱ्हाईक म्हणून आलेच नव्हते, मुलगी बघायला आले होते. शिडी चढताना ती लंगडत नाही ना, हे थोरल्याने बघून घेतलं होतं. आईला हे फार कौतुकाचं वाटलं, "बघ, किती हुशारीने बघितलं!" मला त्या हुशारीचीच किळस आली. ताईला न सांगता तिला चढवलं, उतरवलं, आणि जाताना कंप्रेसरही नेला.

पण ताई रागावली नाही. तिला तो धाकटा आवडला होता. त्याआधी तिला बरेच नकार आले होते. कुणाला रंग नको होता, कुणाला नोकरी. हा माणूस पुढे दुकानात एकटा येऊ लागला. कधी नळीच्या तोंडाची टोपी हरवली म्हणून, कधी हवेचा काटा बरोबर दाखवतो का ते ताडून बघायला म्हणून. एक टोपी माणूस किती वेळा हरवेल? त्याने तिला सांगितलं होतं की लग्नानंतर नोकरी करायला त्याची ना नाही. ते सांगताना ताईचा चेहरा मी पाहिला आहे. तिला हे लग्न हवं होतं. आईबाबांना हवं होतं म्हणून नव्हे, तिला स्वतःला हवं होतं, आणि नोकरीसकट हवं होतं.

त्यांचं घराणं मूळचं बीदरकडच्या शेतकऱ्यांचं. वडील वारलेले. बेगम बाजारात मिरची-हळदीचं ठोक दुकान, राहायला हिमायतनगरला नवा फ्लॅट. तिथे आम्हाला चहाला बोलावलं. सोफ्याचं प्लास्टिक अर्थातच होतं. मी बसले, घसरले, पुन्हा बसले. थोरल्याची बायको, आम्ही तिला वहिनी म्हणत होतो, आम्हाला घर दाखवायला निघाली आणि प्रत्येक वस्तूचं कव्हर उचलून वस्तू दाखवून पुन्हा झाकत गेली. हे काय, टेपरेकॉर्डर. हे काय, व्हॅक्यूम क्लीनर. काचेच्या शोकेसमध्ये बाहुल्या, न वापरलेले कप आणि मधोमध, मानाच्या जागी, तो कंप्रेसर.

त्याला वहिनीने गुलाबी साटिनचं कव्हर शिवलं होतं. खाली दुहेरी झालर, वर उचलायच्या दांड्यासाठी काज केलेलं, पुढच्या दिव्यासाठी गोल भोक. खंडेनवमीला पूजा झालेली दिसत होती, हळदकुंकवाची बोटं साटिनवर सुकली होती. चाकात हवा भरायच्या यंत्राला लुगडं नेसवलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मला हसू फुटणार तेवढ्यात आईने माझा पाय दाबला.

"डोळे फोडून शिवले बघा," वहिनी म्हणाली. "यांना बोलले, वस्तू आणली तशीच राहिली पाहिजे."

ताईने कव्हरकडे पाहिलं आणि धाकट्याला हळूच म्हणाली, "चालवताना हे काढा बरं का. गुदमरेल तो." तो हसला. म्हणाला, "हौ, मीच काढतो ना." मी शेजारीच उभी होते. मी ते ऐकलं.

साखरपुडा ठरायच्या आधी थोरल्याने दोन्ही घरांना शेतावर हुरड्याला बोलावलं. शेत जहीराबादच्या पुढे, मांजरा नदीच्या काठाला. आपली जीप आपणच चालवायची, तीही दोन्ही घरांना पुढेमागे कोंबून, अशी त्याची हौस होती. पुढे तो आणि बाबा. मागच्या बाकांवर आई, वहिनी, आम्ही दोघी आणि धाकटा. माझ्या पायाशी गुलाबी साटिन.

वाटेत तो बाबांना जीपचं महत्त्व सांगत होता. "मारुती काय, कुणीपण घेतो. ही बंडी चालवायला जिगर लागते." बाबा प्रत्येक वाक्याला "अगदी, अगदी" म्हणत होते. आयुष्यभर बस आणि सायकल सोडून कशात न बसलेला माणूस जीपच्या बाबतीत अगदी-अगदी करत होता. खिडकीला काच नव्हती आणि धूळ सगळी आत येत होती, तरी बाबा रुमालाने तोंड पुसून पुन्हा मान डोलवत होते. मुलीच्या बापाला काय काय डोलवावं लागतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

डांबरी रस्ता सोडून नदीच्या पात्राकडे वळलो तिथे थोरल्याने गाडी थांबवली आणि सगळ्यांना उतरवलं. चाकांची हवा सोडायचा सोहळा होता. एकेका चाकाशी उकिडवं बसून तो काडीने व्हॉल्व्ह दाबी, हवा फुस्स करी आणि आमच्याकडे बघे. आजूबाजूच्या शेतांतली माणसं गोळा झाली. त्यांच्या बैलगाड्या त्याच वाळूतून रोज जात होत्या. ती माणसं नुसती बघत राहिली. वाळू आम्ही पार केली. ते मात्र खरं, जीप कुठे रुतली नाही.

हुरडा छान होता. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेली कोवळी कणसं, हातावर चोळून गरम दाणे, बरोबर लसणाची चटणी आणि घट्ट दही. धाकटा ताईला दाणे चोळून देत होता आणि तिचे हात भाजू नयेत म्हणून कणीस स्वतः धरत होता. आईने ते पाहून तोंड फिरवलं आणि पदराने डोळे टिपले. त्या दुपारी मलासुद्धा वाटलं की हे लोक कसे का असेनात, हा माणूस चांगला आहे. ताई हसत होती. मिटल्या तोंडाने हसायची तिला सवय, त्या दिवशी दात दिसत होते.

परतताना पुन्हा वाळू ओलांडून डांबरी रस्त्याच्या तोंडाशी आलो. आता चाकं भरायची. थोरल्याने इंजिन चालू ठेवलं, पिन खुपसली, नळी चाकाला लावली. सकाळची माणसं अजून तिथेच होती, आणखी चारदोन वाढली होती. थोरल्याला तेच हवं होतं. त्याने खटका दाबला. ढर्रर्र असा आवाज सुरू झाला आणि साटिनची झालर थरथरायला लागली.

ताई पुढे होऊन म्हणाली, "दादा, कव्हर काढून घ्या. गरम होईल."

"अगं नक्को, नक्को," वहिनी मागून ओरडली, "धूळ किती उडायली बघ. आत गेली तर?"

थोरला हसला. गोळा झालेल्या माणसांकडे बघत म्हणाला, "बघा, आत्तापासूनच आम्हाला शिकवायली!" सगळे हसले. बाबाही हसले. धाकटा नळीच्या टोकाशी बसून काट्याकडे बघत होता. त्याने मान वर केली नाही.

पहिलं चाक भरलं. थोरल्याने न थांबता दुसऱ्याला नळी लावली. ताई पुन्हा म्हणाली, "थोडा थांबू द्या त्याला." ह्या वेळी आईने तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. दुसरं चाक अर्ध्यावर आलं आणि जळका वास सुटला. साटिन एका बाजूने तपकिरी झालं, आत वितळून यंत्राला चिकटलं, आणि ढर्रर्र हळू होत होत बंद पडलं. कुणीतरी मागून म्हणालं, "बैलच बरा की." त्यावर जोरात हशा झाला.

तो हशाच थोरल्याला झोंबला. कव्हर ओरबाडून काढताना त्याची बोटं पोळली. मग वळून तो ताईवर ओरडला, "हेच दिलीस ना आम्हाला? भंगार माल! घरची माणसं म्हणून विश्वास ठेवला आणि आम्हालाच फसवायलीस?"

ताई म्हणाली, "माल चांगला आहे, दादा. थंड झाला की चालू होईल. कव्हरमुळे तापला."

"म्हणजे माझ्या बायकोची चूक?"

"मी कुणाची चूक म्हटलं नाही. पट्ट्यांना वारा लागत नव्हता."

वहिनी रडायला लागली. बाबांनी चक्क हात जोडले. मी धाकट्याकडे बघत होते. पट्ट्यांना वारा लागला पाहिजे हे त्याला दुकानात सांगितलं होतं, कव्हर काढायचं हे घरात सांगितलं होतं, आणि मीच काढतो म्हणून तो स्वतः बोलला होता. आता तो नळी गुंडाळत होता. इतकी सावकाश, इतकी नीट गुंडाळत होता की जणू तीच वेळ होती नळ्या गुंडाळायची.

अर्ध्या हवेच्या चाकांवर आम्ही रांगत रांगत रस्त्याच्या कडेच्या एका चहाच्या हॉटेलापाशी आलो. पंक्चरचं दुकान आणखी पुढे होतं, पण थोरल्याने गाडी तिथेच लावली, बाजेवर बसला आणि बाबांना म्हणाला, "साहेब, मला भांडायचं नाही. चार माणसांत माझी अब्रू गेली. पोरीने एकदा तोंडाने म्हणावं, माल खराब होता, चूक झाली. विषय खतम. साखरपुड्याची तारीख आजच धरू. नाहीतर जी पोरगी आत्ताच आम्हाला खोटं पाडायली, ती घरात येऊन काय करेल?"

बाबांनी ताईला हॉटेलच्या मागे नेलं. मी पाठोपाठ गेले. तिथे भांडी विसळलेलं पाणी साचलं होतं, त्याच्या कडेला उभं राहून बाबा म्हणाले, "बाळ, एवढं म्हण. काय जातं तुझं? मोठ्या माणसाचा राग असतो, उतरतो. मी कचेरीत जन्मभर हेच केलं, माझं काय बिघडलं?"

काय बिघडलं ते ह्या माणसाला दिसत नव्हतं. त्यांचा वाकलेला खांदा, तो रुमाल, ते काकुळतीला आलेलं तोंड बघून मला दया यायला हवी होती. मला किळस आली. स्वतःच्या बापाची किळस येणं फार वाईट असतं. ती कुणाला सांगताही येत नाही.

ताईने ते पाणी ओलांडलं. मग पुढे गेली आणि थोरल्यासमोर म्हणाली, "माल खराब होता. माझी चूक झाली."

लगेच सगळं गोड झालं. वहिनीने डोळे पुसून पिशवीतला चिवडा काढला आणि पहिली मूठ ताईच्या हातात दिली. थोरला म्हणाला, "उगं परेशान नक्को होऊस पोरी, माझ्या मनात काही नाही." बाबांनी सगळ्यांच्या चहाचा आग्रह केला. आईने देवाचं नाव घेतलं. ताईच्या मुठीत चिवडा तसाच होता. तिने तो खाल्ला नाही, टाकलाही नाही.

पंक्चरच्या दुकानात चाकं भरत होती तेव्हा मोठी माणसं पलीकडे तारीख काढत होती. आम्ही दोघी जीपच्या मागे उभ्या होतो. धाकटा आमच्याकडे आला. हसत होता. शाळेत दोघांनी मिळून मास्तरांना गंडवलं की पोरं हसतात तसं. ताईला हळू आवाजात म्हणाला, "मला माहीत होतं, कव्हरमुळेच झालं. पण दादांपुढे कोण बोलणार? तुम्ही छान सांभाळून घेतलंत. आपल्या घरात असंच लागतं."

तो आणखी काही बोलला असेल. मी ते ऐकलं नाही, मी ताईकडे बघत होते. ताई त्याच्याकडे बघत होती. रागाने नव्हे. दुकानात एखादी वस्तू गिऱ्हाइकाने परत आणली की ती जशी हातात फिरवून, नेमकं काय झालं ते शोधत बघायची, तशी. मग ती जीपमध्ये जाऊन बसली.

घरी आल्यावर चपला काढता काढता ती म्हणाली, "बाबा, मला हे लग्न नको."

पुढचा तमाशा मी लिहीत नाही. सगळ्या घरांत तो सारखाच होतो. आईने जेवण सोडलं, बाबांनी बोलणं सोडलं. ताई रोज दुकानात जात होती, येत होती. शेवटी बाबांना कळलं की ही वळणार नाही. तेव्हा त्यांनी थोरल्याला निरोप धाडला की गुरुजींना पत्रिका पुन्हा दाखवली, नाडी एक निघते, नाइलाज आहे. साहेबांना दुखवायचं नाही, ही सवय. ताईला हे मीच सांगितलं. ती कधी नव्हे ती ओरडली, "म्हणजे पुन्हा खोटंच?"

दुसऱ्या दिवशी ती दुकानातून लवकर निघाली, मला कॉलेजच्या दारातून घेतलं आणि आम्ही बेगम बाजारात गेलो. त्या गल्लीत शिरलं की मिरचीने नाक झणझणतं, डोळे वाहतात. आत दोघं भाऊ होते, थोरला गादीवर आणि धाकटा तराजूपाशी. चारपाच गिऱ्हाइकं उभी होती. आम्हाला बघून थोरल्याचं तोंड वाकडं झालं, तरी त्याने दुकानातल्या पोऱ्याला चहा सांगितला.

ताई बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "दादा, पत्रिकेचं काही नाही. ते खोटं आहे. कंप्रेसर खराब होता म्हणाले मी, तेही खोटं बोलले. तो कव्हर घालून चालवल्यामुळे बंद पडला. कव्हर काढायला मी सांगितलं होतं, यांनाही सांगितलं होतं. यांना तेव्हाही माहीत होतं."

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. "खरं का रे? तुला माहीत होतं?"

गिऱ्हाइकंसुद्धा थांबून बघत होती. ताई धाकट्याकडे बघत होती. तिचे डोळे वाहत होते, मिरचीने सगळ्यांचेच वाहत होते. तो तराजूच्या पारड्यातली मिरची बोटाने सारखी करत राहिला. मग म्हणाला, "मला काही माहीत नाही, दादा. ह्या काय बोलायल्या मला समजेना."

थोरला जिंकल्यासारखा हसला. आम्ही बाहेर पडलो.

रिक्षात मी तोंड सोडलं. त्या घराला, त्या माणसाला, त्याच्या भावाला, वहिनीच्या झालरीला, जे जे सुचेल ते बोलले. म्हटलं, सुटलीस तू, तोंडावर सांगून आलीस, आता त्याची काय किंमत राहिली? मला वाटलं होतं, ती हसेल, निदान मान हलवेल. ताईने ओढणीत तोंड खुपसलं आणि हुंदके देऊन रडायला लागली. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. मला कळेना काय झालं. जे करायचं ते करून आलो होतो.

काचीगुडा स्टेशनापाशी गर्दीत रिक्षा थांबली, तेव्हा ती तोंड न काढताच म्हणाली, "तो एकदा हो म्हणाला असता ना, तर मी तिथेच थांबले असते गं."